धर्मभगिनीचें पाचारण व शाळेंतील समुपदेशन

मिशनरी शाळेंत शिकलेल्या माणसास 'सिस्टर' हा शब्द नवा नाहीं. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं रांगेपुढें उभी असणारी, गणिताच्या तासाला फळ्यावर उदाहरण सोडवून दाखविणारी, स्नेहसंमेलनाच्या दिवशीं पडद्यामागें धांवपळ करणारी सिस्टर सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु गेल्या कांहीं दशकांत अनेक शाळांतून या सिस्टरनें एक निराळें काम पत्करिलें आहे. एका लहानशा खोलीच्या दारावर 'समुपदेशन' अशी पाटी असते. आंत एक मेज, दोन-तीन खुर्च्या व एक कुलुपाचें कपाट असतें. तेथें सिस्टर धडा शिकवीत नाहीं, परीक्षा घेत नाहीं व शिक्षाही करीत नाहीं. ती ऐकते.

या खोलीविषयीं विद्यार्थ्यांच्या मनांत कुतूहल असतें आणि पालकांच्या मनांत पुष्कळदां भय असतें. "आमच्या मुलाला तिकडे कां बोलाविलें? त्याचें कांहीं बिघडलें आहे काय? लोक काय म्हणतील?" असे प्रश्न सुविद्य घरांतूनही ऐकूं येतात. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्ही तीन गोष्टींचा विचार करणार आहों. धर्मभगिनी होणें म्हणजे काय, समुपदेशन म्हणजे काय, आणि हीं दोन्हीं एका व्यक्तीच्या ठायीं एकत्र आलीं म्हणजे त्यांचा परस्परांशीं संबंध कोणता.

प्रथम 'पाचारण' हा शब्द पाहूं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत हा शब्द रुळलेला आहे. पाचारणें म्हणजे बोलावणें, हांक मारणें. लॅटिन भाषेंत याच अर्थाचें 'वोकारे' असें क्रियापद आहे व त्यावरून इंग्रजींतील 'व्होकेशन' हा शब्द आला. पुढें त्याच शब्दास व्यवसाय किंवा धंदा असाही अर्थ प्राप्त झाला. एकाच शब्दाच्या एका टोकास मठ आहे आणि दुसऱ्या टोकास कारखाना व कचेरी आहे. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. समुपदेशनाच्या इतिहासांत हा शब्द आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

धर्मभगिनींविषयीं समाजांत एक सोपा समज आहे. लग्न जमलें नाहीं, संसारांत निराशा झाली किंवा घरच्यांनीं धाडलें, म्हणून मुलगी मठांत गेली, असें लोक समजतात. कॅथलिक ख्रिस्तसभेचे नियम पाहिले तर हा समज टिकत नाहीं. सन १९८३ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणें १७ वर्षें पूर्ण झाल्यावांचून कोणासही नवदीक्षेंत घेतां येत नाहीं. नवदीक्षेचा काल निदान १२ महिन्यांचा असावा लागतो व सामान्यतः तो २ वर्षांपलीकडे वाढविला जात नाहीं. त्यानंतर जीं व्रतें घेतलीं जातात तीं कायमचीं नसतात. तीं ठराविक मुदतीचीं असतात. ही मुदत निदान ३ वर्षांची असते व सर्व मिळून ती ९ वर्षांपर्यंत वाढूं शकते. मुदत संपल्यावर भगिनीस परत घरीं जाण्याची मोकळीक असते. आजीवन व्रतें घेतेवेळीं तिचें वय निदान २१ वर्षांचें असलें पाहिजे. आणि या सर्व पायऱ्यांवर एक अट समान आहे. बळजबरीनें, भीतीनें किंवा फसवणुकीनें घेतलेलें व्रत हें व्रतच नव्हे.

एवढी सावधगिरी कशासाठीं? हांक खरी आहे कीं केवळ उत्साहाची लाट आहे, हें एका दिवसांत समजत नाहीं. ती मुलीची स्वतःची आहे कीं आईच्या इच्छेचा प्रतिध्वनि आहे, हेंही लागलींच कळत नाहीं. म्हणून मंडळी तिला थांबविते, विचारिते, पुन्हा थांबविते. नवदीक्षेच्या काळांत तिच्यावर देखरेख करणारी अनुभवी भगिनी तिच्याशीं वारंवार बोलते आणि त्याहून अधिक वेळां तिचें ऐकून घेते. पुढें जी स्त्री शाळेंतील मुलांचें ऐकणार असते, तिचें स्वतःचें कोणी तरी अनेक वर्षें लक्षपूर्वक ऐकलेलें असतें. या कामाचा पहिला पाठ पुस्तकांतून मिळालेला नसतो. तो तिला असा अनुभवानें मिळालेला असतो.

धर्मभगिनी तीन व्रतें घेते: अपरिग्रह, ब्रह्मचर्य व आज्ञापालन. अपरिग्रहामुळें तिला स्वतःची म्हणून मिळकत नसते. शाळेंत काम करून वेतन मिळालें तर तें संघाच्या सामाईक खर्चास जातें. ब्रह्मचर्यामुळें तिला स्वतःचें घर व स्वतःचीं मुलें नसतात. त्याचा व्यवहारांतील परिणाम असा कीं, शाळेची घंटा झाल्यावर घरीं कोणाच्या तरी जेवणाची वेळ होत आली म्हणून तिला उठावें लागत नाहीं. आज्ञापालन हें व्रत बाहेरून सर्वांत कठोर दिसतें. वरिष्ठांचें पत्र आलें कीं, पांच-सात वर्षें ज्या शाळेंत जीव लावला ती शाळा सोडून तिला दुसऱ्या गांवीं जावें लागतें. ज्या मुलीचें रडणें तिनें थांबविलें, त्या मुलीचा दहावीचा निकाल पाहावयास ती तेथें असेलच असें नाहीं. परंतु या शब्दाचेंही मूळ पाहण्यासारखें आहे. आज्ञापालन या अर्थाचा जो मूळ लॅटिन शब्द, त्यांत 'ऐकणें' हाच धातु आहे. आज्ञा पाळणें म्हणजे मूळ अर्थानें कान देऊन ऐकणें. समुपदेशिकेच्या कामाशीं या व्रताचें नातें असें अगदीं जवळचें आहे.

आतां कोणी विचारील, धर्मभगिनींनीं प्रार्थना करावी, शाळा चालवावी. मुलांच्या मनाच्या दुखण्यांत त्यांनीं कशास पडावें? या प्रश्नाचें उत्तर त्यांच्याच एका संघाच्या इतिहासांत मिळतें. आपल्या पुण्या-मुंबईंत ज्यांच्या शाळा आहेत त्या 'जीझस अँड मेरी' संघाच्या संस्थापिका क्लोदीन तेवने या सन १७७४ मध्यें फ्रान्समधील लियाँ शहरीं जन्मल्या. त्या एकोणीस वर्षांच्या असतांना फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमींत लियाँ शहराला वेढा पडला. शहर पडल्यावर धरपकड व शिरच्छेद यांचें सत्र सुरू झालें. सन १७९४ च्या जानेवारींत त्यांच्या दोन भावांना इतर कैद्यांसह मृत्युदंड देण्यात आला, व तो त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला. त्या धक्क्यानें क्लोदीन यांच्या मानेस जो कंप जडला तो जन्मभर राहिला. मनावर झालेला आघात शरीरांत कसा घर करून बसतो, हें आज वैद्यकशास्त्र सविस्तर सांगतें. ही बाई तें रोज अनुभवीत होती. भावांनीं मरण्यापूर्वीं मारेकऱ्यांना क्षमा करण्याचा निरोप तिला दिला होता. तिनें तो पाळला.

सन १८१५ मध्यें लियाँमधील एका चर्चच्या दाराशीं आंद्रे कोआंद्र नांवाच्या तरुण धर्मगुरूंना दोन निराधार मुली आढळल्या. त्यांची जबाबदारी अखेर क्लोदीन यांच्याकडे आली. अशा मुलींसाठीं घर उघडलें गेलें. लियाँ हें रेशमाचें शहर असल्यामुळें त्यांना रेशीम विणण्याची कला शिकविण्यांत येऊं लागली, कीं जेणेंकरून मोठेपणीं त्यांना कोणापुढें हात पसरावा लागूं नये. सन १८१८ मध्यें यांतूनच संघ उभा राहिला. सन १८४२ मध्यें त्यांतील भगिनी भारतांत आग्रा येथें येऊन पोंचल्या. क्लोदीन यांना सन १९९३ मध्यें संतपद देण्यांत आलें. हा इतिहास येथें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, या शाळांच्या पायाशीं अभ्यासक्रम नव्हता. दाराशीं उभें असलेलें भेदरलेलें मूल होतें. समुपदेशनाची पाटी नवी आहे, काम जुनेंच आहे.

तथापि केवळ सद्भावना असली म्हणजे हें काम साधतें असें नव्हे. त्याचें स्वतंत्र शास्त्र आहे व तें शाळेबाहेर, कामगारांच्या वस्तींत जन्मास आलें. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थांनीं सन १९०८ मध्यें 'व्होकेशन ब्यूरो' नांवाची कचेरी उघडली. शाळा सोडून मिळेल त्या कामाला जुंपले जाणारे गरिबांचे व परदेशांतून आलेल्यांचे मुलगे-मुली पाहून त्यांनीं विचार मांडला कीं, धंदा निवडणें ही नशिबावर सोडण्याची गोष्ट नव्हे. तरुणानें प्रथम स्वतःची आवड, शक्ति व उणिवा ओळखाव्या. मग कामांचें ज्ञान करून घ्यावें. आणि शेवटीं या दोहोंची विचारपूर्वक सांगड घालावी. पार्सन्स त्याच वर्षीं वारले व त्यांचें पुस्तक सन १९०९ मध्यें प्रसिद्ध झालें. 'व्होकेशन' या शब्दाशीं पुन्हा भेट होईल असें आम्हीं वर म्हटलें होतें, ती ही भेट. मठांत जी हांक शोधीत होते, तीच हांक पार्सन्स कामगाराच्या मुलासाठीं शोधीत होते.

पुढें सन १९४२ मध्यें कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञांनीं आपल्या ग्रंथांत या कामाला निराळें वळण दिलें. सल्ला देणाऱ्यानें उपदेशांचा पाऊस पाडूं नये; समोरच्याचें म्हणणें त्याच्या बाजूनें समजून घ्यावें, म्हणजे तो स्वतःच आपला मार्ग शोधूं लागतो, असा त्यांचा सिद्धांत होता. भारतांत सन १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगानें शाळांतून मार्गदर्शनाची सोय असावी असें सुचविलें. सन १९६४-६६ च्या कोठारी आयोगानें त्याही पुढें जाऊन प्राथमिक शाळेपासूनच या कार्यास आरंभ व्हावा असें म्हटलें. तेव्हांपासून मानसशास्त्राचें व समुपदेशनाचें रीतसर शिक्षण घेतलेल्या व्यक्ति शाळांतून दिसूं लागल्या व त्यांत धर्मभगिनीही आल्या. व्रतें घेतलीं म्हणून हें शिक्षण माफ होत नाहीं. ज्याप्रमाणें परिचारिका होणाऱ्या भगिनीस नाडी व औषधांच्या मात्रा शिकाव्याच लागतात, त्याप्रमाणें समुपदेशिका होणाऱ्या भगिनीस मनाचे व्यापार शिकावे लागतात आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालीं काम करावें लागतें.

या खोलींत कोणतीं मुलें येतात? 'वाईट मुलें' येतात, हा समज साफ चुकीचा आहे. वर्गांत नेहमीं पहिला येणारा मुलगा येतो, कारण दुसरा क्रमांक आला तर घरीं जेवण गळ्याखालीं उतरणार नाहीं अशी त्याला धास्ती असते. जी मुलगी दोन महिन्यांपासून मधल्या सुट्टींत एकटीच डबा खाते ती येते. मैत्रिणींनीं मोबाईलवर तिच्याविषयीं कांहीं तरी लिहिलेलें असतें. वडिलांची नोकरी सुटल्यामुळें सहलीचे पैसे मागण्याची लाज वाटणारा येतो. आजी वारल्यापासून गृहपाठ न करणारा येतो. दहावीनंतर चित्रकला घ्यावी कीं वडील म्हणतात म्हणून विज्ञान शाखेस जावें, या प्रश्नानें झोंप उडालेली मुलगी येते. कांहीं मुलें स्वतःहून येतात, कांहींना वर्गशिक्षिका पाठवितात, आणि कांहीं दोन वेळां दारावरून जातात, तिसऱ्या वेळीं आंत येतात व म्हणतात, "सिस्टर, सहज आलों होतों."

'सहज' या शब्दाचें वजन ओळखणें ही समुपदेशिकेची पहिली परीक्षा होय. ती लगेच "काय झालें?" असें विचारीत नाहीं. मूल बसतें, खेळाची, पावसाची, परीक्षेच्या वेळापत्रकाची गोष्ट निघते. दहा मिनिटांनीं, कधीं तिसऱ्या भेटींत, खरी गोष्ट बाहेर येते. ती आली म्हणजे सिस्टर "त्यांत काय एवढें!" असें म्हणत नाहीं. मोठ्यांना जें क्षुल्लक वाटतें तें बारा वर्षांच्या मुलाला आभाळ कोसळल्यासारखें वाटूं शकतें. ती "मी तुझ्या जागीं असतें तर" असेंही म्हणत नाहीं, कारण ती त्याच्या जागीं नसते. मूल जें बोललें तें ती आपल्या शब्दांत परत सांगते व विचारिते, "मला बरोबर समजलें ना?" पुष्कळ मुलांच्या आयुष्यांत हा प्रश्न मोठ्या माणसाकडून प्रथमच आलेला असतो. मग दोघें मिळून पाहतात कीं, यांतील कोणती गोष्ट आपल्या हातीं आहे, कोणती नाहीं, आणि उद्यां सकाळीं करतां येईल असें एक लहानसें पाऊल कोणतें.

ही सारी गोष्ट नाजूक सौजन्याची वाटेल. परंतु तिच्यामागें जिवाचा प्रश्न असूं शकतो. सरकारी नोंदींप्रमाणें सन २०२२ मध्यें भारतांत १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली व त्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या महाराष्ट्राची होती. हे आंकडे लिहितांना हात जड होतो. परंतु आंकडे झांकून ठेवल्यानें मुलें वांचत नाहींत. एकाएकीं गप्प होणें, आवडत्या वस्तु वाटून टाकणें, झोंप व भूक उडणें, "मी नसतों तर बरें झालें असतें" अशा तऱ्हेचें बोलणें, यांकडे नाटक म्हणून पाहूं नये. मरणाविषयीं विचारलें तर मुलाच्या डोक्यांत तो विचार शिरेल, ही भीतिही निराधार आहे. उलट प्रेमानें व स्पष्टपणें विचारल्यानें मुलाचा भार हलका होतो, असाच जाणत्यांचा अनुभव आहे. अशा वेळीं समुपदेशिका एकटी निर्णय घेत नाहीं. ती डॉक्टर नव्हे. औषध देणें तिचें काम नव्हे. ती पालकांना बोलावते, मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्याचा मार्ग दाखविते, आणि मुलाला एकटें सोडीत नाहीं.

येथें गुप्ततेचा प्रश्न येतो, आणि याच ठिकाणीं अनेकांचा घोटाळा होतो. कॅथलिक धर्मांतील पापनिवेदनाचा संस्कार केवळ धर्मगुरूंकडेच होतो. भगिनींना तो अधिकार नाहीं. त्या संस्कारांत ऐकलेलें धर्मगुरूंना कोणत्याही कारणास्तव कोणासही सांगतां येत नाहीं. समुपदेशनाची गुप्तता तशी नसते. सिस्टर मुलाचें बोलणें शिक्षकांच्या खोलींत चघळीत नाहीं, मुख्याध्यापकांना हौसेनें सांगत नाहीं, टिपणांची वही कुलुपांत ठेविते. परंतु पहिल्याच भेटींत ती मुलाला स्वच्छ सांगते कीं, तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्या हातून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्या शरीराशीं वाईट वागत असेल, तर ती गोष्ट मी एकटी पोटांत ठेवूं शकणार नाहीं. मात्र कोणाला व काय सांगणार तें आधीं तुला सांगेन.

यांतील शेवटच्या बाबतींत कायदाही स्पष्ट आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचें संरक्षण करण्यासाठीं सन २०१२ मध्यें झालेल्या कायद्याप्रमाणें असा अपराध समजतांच पोलिसांस कळविणें प्रत्येकावर बंधनकारक आहे व न कळविणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. अपराध करणारा घरचा असो, शेजारचा असो, शिक्षक असो वा धर्मपीठावरचा असो, नियम एकच. संस्थेच्या अब्रूसाठीं मुलाला गप्प बसविण्याचे प्रकार जगांत अनेक ठिकाणीं घडले आहेत. चर्चच्या संस्थांतही घडले आहेत, आणि त्याबद्दल ख्रिस्तसभेच्या श्रेष्ठींना जाहीर क्षमा मागावी लागली आहे. म्हणून आज्ञापालनाचें व्रत घेतलेल्या भगिनीची खरी कसोटी येथें लागते. कोणा वरिष्ठानें "प्रकरण मिटवा" म्हटलें तरी तिनें मुलाचीच बाजू घेतली पाहिजे. अन्यायापुढें मान तुकविणें हें आज्ञापालन नव्हे. व्रत ऐकण्याचें आहे, आणि ज्याचा आवाज सर्वांत लहान त्याचें प्रथम ऐकणें हाच त्या व्रताचा गाभा आहे.

अन्य धर्मीय पालकांच्या मनांत आणखी एक शंका असते: सिस्टर आमच्या मुलांना ख्रिस्ती करणार नाहीं ना? शंका मनांत ठेवण्यापेक्षां तिचें उत्तर दिलेलें बरें. भारताच्या संविधानाच्या २८ व्या कलमाप्रमाणें मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेंत अज्ञान विद्यार्थ्यास त्याच्या पालकांच्या संमतीवांचून धर्मशिक्षण घ्यावयास लावतां येत नाहीं. परंतु कायद्याच्याही आधीं समुपदेशनाच्या शास्त्राचाच तसा दंडक आहे. दुःखानें खचलेल्या मुलाच्या दुर्बलतेचा उपयोग त्याला आपल्या मताकडे ओढण्यासाठीं करणें हा विश्वासघात होय. आजी वारलेली मुलगी घरीं आजीच्या फोटोपुढें दिवा लावीत असेल तर चांगली समुपदेशिका त्या दिव्याविषयीं आदरानें विचारिते. सिस्टरचा स्वतःचा धर्म कोठें दिसतो? तो तिच्या सहनशीलतेंत दिसतो. दिवसभर दुसऱ्यांचीं दुःखें ऐकून तीही थकते. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, वर्षांतून कांहीं दिवसांचा मौनाचा एकांतवास व संघांतील भगिनींचा सहवास यांनीं तिची घागर पुन्हा भरते. जी स्वतः मौनांत बसत नाहीं तिला दुसऱ्याचें मौन समजत नाहीं.

ऐकण्याच्या या कलेचें उत्कृष्ट उदाहरण बायबलच्या जुन्या करारांत आहे. शमुवेल नांवाचा मुलगा एली या वृद्ध याजकाजवळ मंदिरांत राहत असे. एके रात्रीं त्याला हांक ऐकूं आली. एलीनेंच बोलाविलें असें समजून तो धांवत गेला. एलीनें त्याला परत निजावयास पाठविलें. असें तीन वेळां झालें. तेव्हां एलीच्या ध्यानांत आलें कीं, मुलाला देव हांक मारीत आहे. आणि त्यानें हांकेला उत्तर कसें द्यावें तेवढें शमुवेलास शिकविलें. हांकेचा अर्थ एलीनें स्वतः सांगितला नाहीं. तो मुलाबरोबर गेलाही नाहीं. त्यानें मुलाला त्याच्या जागीं परत पाठविलें, कारण ती हांक मुलाची होती. कथेचा पुढचा भाग लोक विसरतात. शमुवेलास जो निरोप मिळाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. मुलगा सांगावयास भ्याला. परंतु वृद्धानें आग्रह करून तें सर्व ऐकून घेतलें व मुलावर रागावला नाहीं.

आमच्या मतें समुपदेशिकेचें सारें काम या एका कथेंत आलें आहे, आणि पालकांचेंही. मुलाच्या तोंडून जी गोष्ट निघेल ती कदाचित् आपल्याच घराविरुद्ध, आपल्याच शाळेविरुद्ध असेल. ती ऐकून घेण्याची ज्याची तयारी आहे तोच मुलाला मदत करूं शकतो. म्हणून पालकांना आमची नम्र विनंति आहे. सिस्टरनें भेटीस बोलाविलें तर तो ठपका समजूं नका. आपलें मूल कोणा मोठ्या माणसापाशीं बोलूं लागलें, ही शुभ वार्ता समजा. घरीं आल्यावर "तिथें काय सांगितलेंस?" असा तगादा लावूं नका. दिवसांतील पंधरा मिनिटें तरी प्रगतिपुस्तकाचा विषय न काढतां मुलाजवळ बसा. शाखा निवडण्याची वेळ येईल तेव्हां शेजाऱ्याच्या मुलाचे गुण न मोजतां आपल्या मुलाचा कल पाहा. मठांत मुलगी घेतांना जर बळजबरीची अट मंडळीला चालत नाहीं, तर अभियांत्रिकींत किंवा वैद्यकींत मुलगा घालतांना ती आपल्याला कां चालावी?

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें कीं, मदत मागणें हें दुबळेपणाचें लक्षण नव्हे. पाय मुरगळला तर तुम्ही तो शिक्षकांना दाखवितां. मन मुरगळलें तर तें कां लपवितां? तुमच्या शाळेंत सिस्टर असो वा नसो, विश्वासाचें एक मोठें माणूस शोधा आणि त्याच्यापाशीं बोला. पहिल्यानें ऐकलें नाहीं तर दुसऱ्याकडे जा. संकटांतील बालकांसाठीं सन १९९६ मध्यें मुंबईंत सुरू झालेला १०९८ हा दूरध्वनि क्रमांक आज देशभर आहे. मनाच्या त्रासासाठीं सन २०२२ पासून सरकारनें 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू केली आहे व तेथें मराठींतही बोलतां येतें. दोहोंस पैसे पडत नाहींत. मित्राच्या तोंडून जिवावर उदार झाल्याचें बोलणें ऐकलेंत तर तें गुपित म्हणून ठेवूं नका. शपथ मोडली म्हणून मित्र रागावेल. पण रागावण्यास तो जिवंत असेल.

ज्या स्त्रीनें आपलें घर, आपली मिळकत व आपली इच्छा बाजूस ठेवून दुसऱ्यांच्या मुलांचें ऐकण्यांत आयुष्य घालविलें, तिच्या कामाचें मोजमाप गुणपत्रिकेवर उमटत नाहीं. कोणती मुलगी त्या दिवशीं घरीं सुखरूप गेली, कोणता मुलगा दुसऱ्या दिवशीं पुन्हा शाळेंत आला, याची नोंद बहुधा कोठेंही होत नाहीं. परंतु ज्यांच्या जीवनांत ती नोंद झाली आहे तीं मुलें उद्यां स्वतः आई-वडील, शिक्षक, डॉक्टर, कारागीर होतील. त्या वेळीं त्यांच्या दाराशीं कोणी लहान जीव "सहज आलों होतों" म्हणून उभा राहिला, तर त्यांनीं हातांतलें काम बाजूस ठेवून त्याला बसावयास सांगावें, हीच आमची सदिच्छा व प्रार्थना आहे.